टँकर आणून उपसा केला, पंधरा दिवसांत संडास पुन्हा तुंबला : हिवाळ्यात सेप्टिक टँकचं नेमकं काय बिघडतं?

पलूसची_सून | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

आमचं घर पलूस तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात. नऊ वर्षांपूर्वी बांधलं. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एक संडास खाली, एक वर. परसात विटांची सेप्टिक टँक, तिच्यापुढं टँकचं पाणी जमिनीत मुरायला शोषखड्डा. इतक्या वर्षांत तिकडं बघायची वेळच आली नव्हती.

दिवाळी झाली आणि त्रास सुरू झाला. वर फ्लश केलं की खालच्या भांड्यात गुडगुड आवाज येऊन बुडबुडे उठतात. सकाळी सगळ्यांचं आवरून झालं की खालच्या भांड्यात पाणी काठापर्यंत चढतं आणि तास-दीड तासानं उतरतं. पहाटे अंगणात उभं राहवत नाही इतका वास, दहा वाजता काहीच नाही. २० नोव्हेंबरला टँकर आणून पूर्ण उपसा केला. बारा दिवस बरे गेले, आता परत तेच.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात शेण आणि गूळ कालवून ओता. सासऱ्यांनी मोबाईलवर कुठल्याशा बर्फाच्या देशातला व्हिडिओ बघितला, ते म्हणतात टँक गारठली, वर उसाचं पाचट पसरू. ह्यांचं म्हणणं परत टँकर बोलवू. आणि गवंडी म्हणतो आतली आडभिंत पडली असणार, माणूस उतरवून बघायला लागेल, माणूस मी आणतो.

माणूस उतरवायला माझं मन घेत नाही. काय करू?

वाईचा_गवंडी | ८ डिसेंबर, सकाळी ९:०५

ताई, माणूस उतरवू नका. आधी हे सांगा :

टँकची लांबी, रुंदी, खोली किती?
झाकण उघडल्यावर पाणी कुठंवर आहे? पुढं जाणाऱ्या पाईपच्या तोंडाच्या वर की बरोबरीनं?
टँकमध्ये फक्त संडासचं पाणी जातं की आणखी काही?

झाकण उघडून तासभर तसंच ठेवा, मग बघा. तोंडावर वाकायचं नाही, वाऱ्याकडं पाठ करून लांबूनच बॅटरीच्या उजेडात बघायचं. काडी, बिडी, कंदील काही जवळ नको. मुलांना घरात ठेवा आणि उघडं झाकण सोडून कुणी हलू नका.

सातारा_वकील | ८ डिसेंबर, सकाळी ११:२०

ताईंच्या मनानं बरोबर कौल दिला आहे, त्याला कायद्याचाही आधार आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यात सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'गवंड्यानं माणूस आणला होता, मी नाही' हे म्हणणं घरमालकाच्या कामी येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली.

पण कायद्याच्या आधी एक गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत सोळा वर्षांपूर्वी बादली आत पडली म्हणून एक जण शिडीनं उतरला. तो आवाज देईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. वर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसानं तिसऱ्याला दंडाला धरून मागं ओढलं म्हणून तो वाचला. दोघं भाऊ गेले. कुणाच्याच नाकाला तेव्हा वास आला नव्हता. कुजक्या अंड्यासारखा वास असणारा तो गॅस जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच बंद पाडतो, त्यामुळं 'वास नाही म्हणजे गॅस नाही' असं मानून माणूस उतरतो. काम कितीही अडलं तरी आत कुणी उतरायचं नाही.

पाचगणी_जुना_बंगला | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

पाचटाचं मी सांगतो, आमच्याकडं थंडी तुमच्यापेक्षा पुष्कळ.

सासऱ्यांनी बघितलं ते त्या देशात खरंच आहे. तिथं जमीन काही फूट खोलपर्यंत गोठते, पाईपमधलं पाणी गोठतं, म्हणून ते टँकवर गवत पसरतात, बर्फ दाबू देत नाहीत, पाईप खोल पुरतात. आपल्याकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठावर एखाद्या पहाटे दवाचे हिमकण होतात, गवतावर आणि गाडीच्या टपावर पांढरा थर दिसतो. ती थंडी जमिनीच्या वरची. खाली चार-पाच फुटांवर तिचा पत्ता नसतो. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, तसंच टँकचं.

गारठ्यात जिवाणूंचं काम थोडं मंदावतं हे खरं, ३० ते ३५ अंशांच्या आसपास ते जोमात असतात. पण त्यानं गाळ जरा सावकाश कुजतो इतकंच. बारा दिवसांत संडास तुंबत नाही.

पहाटेच्या वासाचं कारण हवा. थंडीत रात्री वारा पडतो, गार हवा जमिनीला धरून बसते आणि वास तिच्यातच अडकतो. ऊन चढलं की हवा वर जाते, वास संपतो.

पलूसची_सून | ९ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

वाईचे दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. ह्यांनी आणि दिरांनी सकाळी नऊला झाकण सरकवलं, दहाला बघितलं.

टँक आतून ७ फूट लांब, ४ फूट रुंद, पाण्याची खोली साधारण साडेचार फूट. आडभिंत जागेवर आहे, बॅटरीत स्वच्छ दिसली. पाणी मात्र पुढच्या पाईपच्या तोंडाच्या चार बोटं वर. त्या तोंडाला बसवलेला 'टी' आकाराचा पाईप पूर्ण बुडालाय. पाण्यावर पांढरट गोळे तरंगत होते, लिंबाएवढे, गोठलेल्या डालड्यासारखे. काठीनं दाबले तर दबतात आणि काठीला चिकटून वर येतात. ते काय असावं?

पाण्याचं म्हणाल तर पूर्वी फक्त संडासचं जायचं. मागच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची फरशी बदलली, तेव्हा सिंकचा पाईप लांब गटारीला न्यायच्या ऐवजी टँकच्या चेंबरला जोडला. गवंडी म्हणाला होता, काही होत नाही.

वाईचा_गवंडी | ९ डिसेंबर, रात्री ९:५०

ताई, तुम्ही माप दिलं म्हणून उलगडलं. जरा सविस्तर सांगतो, दुसऱ्या कुणाच्या घरीही उपयोगाला येईल.

आपल्याकडं 'टँक भरली' म्हणजे बिघडली असं धरतात. सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. खाली गाळ बसतो, वर साय धरते, मधलं निवळ पाणी आडभिंतीच्या पलीकडून पुढच्या पाईपानं बाहेर जातं. जितकं आत आलं तितकं बाहेर गेलं पाहिजे. म्हणून पहिल्यांदा पाण्याची पातळी बघायची. पातळी पाईपच्या तोंडाच्या बरोबरीनं असेल आणि तरी संडास तुंबत असेल, तर दोष अलीकडं, संडास ते टँकच्या पाईपमध्ये. पातळी तोंडाच्या वर चढली असेल, तर दोष पलीकडं. तुमची चार बोटं वर आहे.

आता हिशेब बघा. ७ गुणिले ४ गुणिले साडेचार म्हणजे १२६ घनफूट, साधारण साडेतीन हजार लिटर. उपसा झाल्यावर बारा दिवस बरे गेले. साडेतीन हजाराला बारानं भागा, रोजचे ३०० लिटरच्या आतबाहेर. सहा माणसांचा संडास आणि स्वयंपाकघर मिळून रोज तितकंच पाणी होतं. म्हणजे ते बारा दिवस रिकामी टाकी फक्त भरत होती. ज्या दिवशी काठाला आली त्या दिवशी तुंबली, कारण पुढं वाटच नाही. परत टँकर आणला तर परत बारा दिवस मिळतील, तेरावा नाही.

पांढरे गोळे म्हणजे तेल-तूप. दिवाळीच्या तळणाचं, कढया धुतल्याचं. गरम पाण्याबरोबर पातळ होऊन जातं, पाईपमध्ये आणि टँकमध्ये गार झालं की गोठतं. थंडीत हे जास्त. त्यातलं बरंचसं शोषखड्ड्यात जाऊन मातीवर लेप देतं.

शोषखड्डा उघडून बघा. लांबूनच, टँकसारखीच काळजी घेऊन.

कोरेगाव_रानवाट | १० डिसेंबर, सकाळी ८:१०

शेण-गुळाचं राहिलं. आम्हीही ओततो महिन्याला, चुकीचं आहे का?

पाचगणी_जुना_बंगला | १० डिसेंबर, सकाळी १०:००

नवी टँक चालू करताना शेणाला जागा आहे. आधी पाईपच्या तोंडापर्यंत पाण्यानं भरायची आणि चालू टँकमधला थोडा गाळ किंवा कुजलेलं शेण विरजण म्हणून घालायचं, भारतीय मानक २४७० मध्येच तसं सांगितलंय. चालू टँकला मात्र रोजच विरजण मिळतं, तिला वेगळं नको. दर महिन्याला पाटीभर शेण टाकणं म्हणजे आपल्या हातानं गाळ वाढवणं. गूळ तर नकोच. दुकानातल्या पावडरीही मी दोन वर्षं घालून बघितल्या, गाळाच्या थरात काडीचा फरक दिसला नाही.

टाळायचं ते ॲसिड आणि ब्लीचिंग. भांडं घासायला थोडंसं चालतं, बाटली पूर्ण रिकामी केली तर आतले जिवाणू मरतात.

आणि उपसा करताना तळ खरवडून काढायला लावू नका, बोटभर जाडीचा गाळ विरजणाला राहू द्या.

पलूसची_सून | ११ डिसेंबर, दुपारी २:२५

शोषखड्डा उघडला. काय सांगू, वाचूनच बघा.

वरची शहाबादी फरशी काढली तर पाणी पाईपच्या तोंडाशी. विटांवर काळा बुळबुळीत थर, उलथनं घासल्यासारखा खरवडून निघतो. पण एका बाजूच्या विटांच्या सांध्यातून स्वच्छ, गार पाणी आत झिरपत होतं, अगदी झऱ्यासारखं. ती बाजू शेजारच्या उसाची. त्यांनी परवाच उसाला पाणी सोडलंय. म्हणजे आमचा खड्डा पाणी बाहेर द्यायच्या ऐवजी बाहेरचं पाणी आत घेतोय!

सासरे बराच वेळ तिथंच उभे होते. म्हणाले, खड्डा खणला तेव्हा ही जमीन कोरडी होती, ऊस गेल्या चार-पाच वर्षांतला.

कृष्णाकाठ_शेतकरी | ११ डिसेंबर, रात्री ८:४०

वहिनी, आमच्याकडं बी हेच झालंय. वाळवा, पलूस, मिरज, सगळा काठ बघा. काळी जमीन, बारमाही ऊस, पाट सोडला की जमिनीतलं पाणी वर येतंय. किती रानं क्षारपड झाली. तिथं शोषखड्ड्यानं शोषायचं तरी कुठं?

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. खड्डा शोषत नाही म्हणून मी आणखी पाच फूट खोल केला. खोल गेलं की पाणी आणखी लवकर लागलं. पैसं गेलं, खड्डा तसाच.

बोअर किती लांब हाय तुमची?

पलूसची_सून | ११ डिसेंबर, रात्री ९:०२

शोषखड्ड्यापासून चाळीस फूट असेल. पिण्याचं पाणी तिचंच.

आरोग्यसेविका_तासगाव | ११ डिसेंबर, रात्री ९:३०

ताई, संडास चार दिवस तुंबला तरी निभेल, आधी बोअरच्या पाण्याचं बघा. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्यात निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर लागतं. तुमचं चाळीस आहे आणि खड्डा जमिनीतल्या पाण्यातच बुडालाय. उद्या ग्रामपंचायतीत जा. जिवाणू तपासायच्या छोट्या बाटल्या असतात. त्यात पाणी भरून ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर ते पाणी प्यायचं नाही. निकाल येईपर्यंत खळखळ उकळून प्या, मुलांच्या शाळेच्या बाटलीतही उकळलेलंच द्या.

पलूसची_सून | १४ डिसेंबर, सकाळी ७:१५

बाटली काळी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच.

मुलीला दिवाळीपासून दोनदा जुलाब झाले होते. आम्ही फराळावर ढकललं. त्यामुळंच झाले असं मी म्हणत नाही, पण ती बाटली ओट्यावर ठेवलेली बघून मला रडू आलं. आजपासून पिण्याला आणि स्वयंपाकाला गावातलं नळाचं पाणी आणतोय. टँकचं काम आता लांबणीवर टाकायचं नाही. पुढचं सांगा.

वाईचा_गवंडी | १४ डिसेंबर, दुपारी १२:४०

ताई, धीर धरा. कामाला हाच काळ चांगला. पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेलं असतं, खणलेली कड ढासळते. उन्हाळ्यात सिमेंटचं काम उन्हानं लवकर सुकून तडकतं. थंडीत गिलावा सावकाश धरतो, म्हणून सात दिवसांच्या जागी दहा दिवस पाणी मारा, घाई करू नका.

क्रम असा ठेवा. आधी सिंक टँकपासून तोडा. रोजचं शंभरेक लिटर पाणी आणि सगळं तूप तिथंच थांबेल. सिंकखालून निघाल्यावर बाहेर एक छोटं चेंबर बांधा, आत आडभिंतीसारखी फरशी उभी करा, तूप वर अडकेल आणि पाणी खालून जाईल. पंधरा दिवसांनी वरचा थर काढून उकिरड्यात टाकायचा. पुढचं पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्याला.

मग संडासच्या पाण्याची नवी वाट. बोअरपासून साठ फुटांच्या पलीकडं, उसापासून लांब, मळ्यातली सगळ्यात उंच जागा बघा. आधी जमीन तपासा. वीतभर रुंदीचा, गुडघाभर खोल खड्डा घ्या, तळाला थोडी खडी टाका, आदल्या दिवशी भरपूर पाणी ओतून मुरवा. दुसऱ्या दिवशी वीतभर पाणी भरा आणि पट्टी धरून बसा. पाणी एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर, उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ लागली तर खड्डा नको, उथळ चर घ्या. साठच्या वर गेलं तर ती जागा सोडा, तिथं खडीच्या गाळणीची वेगळी टाकी बांधावी लागते.

सांगली_पूरग्रस्त | १४ डिसेंबर, सायंकाळी ५:५५

उपशाच्या वेळेबद्दल एक सांगायचं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी होतं. पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यातच टँकर आणून आम्ही प्लास्टिकची टँक रिकामी केली. भोवतालची जमीन अजून पाण्यानं भरलेली होती. रात्रीत रिकामी टाकी एक फूट वर उचलली गेली, दोन्ही पाईप तुटले. विटांची टँक असेल तर भिंत आत दबू शकते. तुमच्याकडं शेजारचं पाणी चालू असताना पूर्ण उपसा करू नका, उसाच्या पाण्याची पाळी संपून जमीन कोरडी होऊ द्या.

वाईचा_गवंडी | १४ डिसेंबर, रात्री ८:१०

हे महत्त्वाचं सांगितलंत.

आमच्या वाईत २०१८ पासून नगरपालिका स्वतःच पाळीनं घरोघरची टँक उपसते, साधारण तीन वर्षांतून एकदा. मैला शुद्धीकरण केंद्रात जातो, ओढ्यात नाही. मळ्यातल्या घरांना ते आपलं आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं. मापायला लांब काठीला पांढरं जुनं फडकं गुंडाळा, तळापर्यंत सोडा, थोडा वेळ थांबून वर काढा. फडकं काळं झालं तेवढा गाळ. खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की उपसा. टँकर मैला कुठं ओततो तेही विचारत जा.

पलूसची_सून | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

काम झालं, म्हणून परत आले.

उंचावरच्या जागेत तपासणी केली, एक इंचाला ४२ मिनिटं. म्हणून चर घेतले. दोन चर, प्रत्येकी पंचवीस फूट, अडीच फूट खोल, दोन्हीत सहा फुटांहून जास्त अंतर. तळाला धुतलेली खडी, त्यावर भोकं पाडलेला चार इंची पाईप, वर परत खडी, मग माती. खडीत माती जाऊ नये म्हणून मध्ये पोत्यांचा थर टाकला. टँकपासून उतार मिळेना, तेव्हा सासऱ्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि पाईप दोन फूट बाजूनं फिरवून आणला. जुना शोषखड्डा चुन्यानं निर्जंतुक करून मुरमानं बुजवला.

सिंकचं पाणी आता परसातल्या केळीला. चेंबरमधून पहिल्या पंधरवड्यात वाटीभर पांढरं तूप निघालं. तेवढं सगळं टँकमध्ये जात होतं.

संडास स्वच्छ चालतो, भांड्यात बुडबुडे नाहीत. बोअरचं पाणी क्लोरीन टाकून उपसलं, एक बाटली परत लावली, ४८ तासांनी काळी पडली नाही. तरी महिन्यानं अजून एकदा लावणार, तोवर नळाचंच पिणार. फक्त वरच्या पाहुण्यांच्या बाथरूममध्ये अजून वास येतो, आणि डास फार झालेत.

आरोग्यसेविका_तासगाव | १९ जानेवारी, सायंकाळी ६:४५

वाचून खूप बरं वाटलं, ताई.

ते बाथरूम रोज वापरत नाही ना? हिवाळ्याच्या कोरड्या हवेत नहाणीच्या जाळीखालचं अडवून धरलेलं पाणी सुकतं आणि टँकचा वास सरळ वर येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता, लगेच थांबेल.

डासांसाठी टँकमधला गॅस वर सोडणाऱ्या पाईपचं तोंड बघा. जाळी फाटली असेल तर क्युलेक्स डास तिथून टँकमध्ये जाऊन अंडी घालतात, हत्तीरोग पसरवणारे तेच. नायलॉनचं बारीक जाळीचं कापड दुहेरी करून बांधा, प्लास्टिकची पिशवी बांधू नका, गॅस कोंडेल. बांधताना आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय का बघून घ्या. झाकणाच्या फटी सिमेंटनं बंद करा.

कोरेगाव_रानवाट | २० जानेवारी, सकाळी ७:५०

ताई, सिंकच्या पाण्यावरची केळी खायला चालतील का? आमच्याही परसात तसंच करायचा विचार आहे.

वाईचा_गवंडी | २० जानेवारी, सकाळी ८:३०

चालतील, फळ जमिनीपासून वर असतं. कोथिंबीर, मुळा, पालक त्या वाफ्यात लावू नका. आणि पाणी वाफ्यात साचून राहिलेलं दिसलं तर वाफा मोठा करा, एक केळ आणखी लावा.